भाग तेराशे सात

मन्मथ बिडवे मेला तेव्हा उदगिरात दुपारचे अडीच वाजले होते.
शोभाताईच्या गिरणीत ज्वारी पडत होती,
मी दळणाच्या डब्याला मोबाईल टेकवून धरलेला,
आणि समुद्राकाठच्या कड्यावरून
त्याची पांढरी गाडी खाली गेली, सावकाश.
दोनदा दाखवली.
ताईनं बटण बंद केलं.
गिरणी थांबल्यावरची शांतता
कानात पिठासारखी बसते.

"काय झालं रे त्याला?"
काही नाही ताई, करार संपला.

तसा तो आधीही मेलेला.
मेलबर्नला गेल्यावर पहिलं काम प्रेताचंच,
चादरीबाहेर नुसते तळपाय.
आम्ही ओळखले. डाव्या टाचेवर
बाभळीच्या काट्याचा जुना डाग.
मग चार वेळा टॅक्सीवाला,
एकदा दुकानदार, ज्याच्यावर दरोडा पडतो,
एकदा दुभाषा, त्याला एकच वाक्य,
तेही कापलं.

रात्री फोन करायचा. तिकडं पहाटेचे तीन.
"काय करूलालास?"
"झोपूलालो."
"थांब की. वाक्य ऐक."
आणि इंग्रजीतली एकच ओळ सात तऱ्हांनी म्हणायचा.
मला अर्थ लागायचा नाही,
पण चौथी तऱ्हा खोटी आहे, हे कळायचं.
सांगायचो.

मी प्रॉम्प्टर ना त्याचा,
आठवीच्या स्नेहसंमेलनात,
विंगेत, भुकटीच्या रिकाम्या पोत्यांमागं, वही अन् बॅटरी घेऊन.
तो प्रधान. "महाराज, विहिरी आटल्या"
एवढंच म्हणायचं होतं.
म्हणेचना. मी दोनदा कुजबुजलो.
त्यानं राजाकडं असं बघितलं
की पहिल्या रांगेतले हेडमास्तर खुर्चीत सरकून बसले.
नंतर म्हणाला, विसरलो नव्हतो लेका,
लोकं किती वेळ थांबतात, ते बघूलालतो.

मग अकरा वर्षं डॉक्टर.
डॉक्टर मॅनी.
मन्मथाचा मॅनी झाला, त्याचं ताईला काही वाटलं नाही,
गळ्यात लिंग आहे का, एवढंच तिनं विचारलं.
कोटाखाली दिसणार कसं?
दोन लग्नं झाली त्याची तिथं, एक घटस्फोट,
सहा भागांपुरतं आंधळेपण.
आडतीवरचा चन्नप्पा हमाल अजूनही म्हणतो,
गुडघ्याचं औषध तेवढं विचारून ठेव डॉक्टरला.

एकदाच, भाग चारशे काहीतरी,
एका म्हातारीला सांगायचं होतं, पोरगा गेला म्हणून.
दिग्दर्शिका म्हणाली म्हणे,
तुझ्या भाषेत पुटपुट काहीतरी, छान वाटेल.
तो वाकला. तिचा हात हातात घेतला.
आणि साऱ्या ऑस्ट्रेलियासमोर म्हणाला,
"माय, बस जरा. पाणी पी. मी हाय इथं."
खाली पट्टी आली:
हिंदीत बोलतो.

यंदा येळवसला आला.
केस पांढरे. आता रंगवायला कुणी सांगत नाही, म्हणाला.
आदल्या दिवशी तहसीलात वारसाच्या नोंदीला गेलो.
कारकुनानं मान वर न करता विचारलं, "धंदा?"
"नट."
"नट-बोल्ट का? हार्डवेअर म्हणा की. दुकान कुठंय?"
मन्मथ माझ्याकडं बघत राहिला.
"बंद केलं," म्हणाला. "लिहा, बंद."

दुसऱ्या दिवशी रानात, कडब्याच्या खोपीपाशी,
भज्जी-आंबील झाल्यावर
पोरं मोबाईलवर त्याची गाडी पुन्हा पुन्हा पाडत बसली.
एकानं विचारलं,
"काका, पडताना आत तुमीच होता का?"
तो काही बोलेना.
मी सवयीनं, ओठ न हलवता, म्हणालो: नव्हतो.
त्याला ऐकू गेलं.
वाक्य घेतलं नाही त्यानं.
आंबिलीचा तांब्या हातात तसाच,
पोरं तोंडाकडं बघत,
मोबाईलवर गाडी अर्ध्यात थांबलेली.